जांभई न येणारी माणसं

आमच्या घरात जांभई देताना तोंडावर हात ठेवायला कोणी शिकवलं नाही. शिकवणार तरी कोण? दिवाळी सरली, गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या जत्रा, भरायला लागल्या की आमच्या वडशात नाटक कंपन्यांची धावपळ सुरू व्हायची, ती होळीपर्यंत. कलाकार रात्रभर कुठल्या तरी खेड्यात शेतातल्या मांडवात नाटक करायचे आणि सकाळी गाडीतून उतरले की थेट आमच्या अंगणात यायचे, कारण माझी आई त्यांची खानावळ चालवायची. कोणाच्या गालावर अर्धा पुसलेला रंग, कोणाच्या ओठावर मिशीचा वाळलेला डिंक. हातपाय धुऊन सगळे ओळीनं बसायचे आणि पहिल्या घासाआधी पहिली जांभई यायची. एकाकडून दुसऱ्याकडे जात ती ओळीच्या टोकाला पोचायची, तिथून चुलीपाशी. मग हातात पळी धरलेली आई तोंड वासून डोळे मिटायची, तोवर इकडे ओळीत दुसरी सुरू झालेली असायची. बाबा म्हणायचे, "ह्या घरात रातचं जागते कोन अन् जांभया देते कोन, काई समजत नाई बाप्पा."

बाबा राइस मिलमध्ये होते. मिल इतकी जवळ की तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीवरची ताटं थरथरत, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर धानाचा कोंडा बसे. छोट्या रुळावरची गाडी शिट्टी देत जायची आणि आई त्या शिट्टीवर भात उतरवायची. लाखोरीची डाळ, पाट्यावर वाटलेली जवसाची चटणी, थंडीत पोपटीच्या शेंगा, कधीमधी सुकट. आज चंद्रपुरात माझ्या स्वयंपाकघरात सगळं आहे, मिक्सरसुद्धा, पण त्या जवसाची चव येत नाही. म्हातारपणी सगळेच असं म्हणतात हे मला माहीत आहे. तरी म्हणते.

त्याच घरात, समोरच्या खोलीत, बाबांनी नागपूरहून आणलेला जुना काळा-पांढरा टीव्ही होता. ॲण्टेना बांबूला बांधलेला. चित्र हललं की ताई अंगणात जाऊन बांबू फिरवायची आणि मी खिडकीतून ओरडायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण विशाखा. मी नववीत होते तेव्हा तिचं बीए संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी एक हिंदी सिरियल लागायची. तिचं नाव मला चांगलं आठवतं, पण मी ते लिहीत नाही. नाव सांगितलं की आमच्याकडचे लोक लगेच मोबाईलवर शोधायला घेतात, काही सापडत नाही, आणि मग मीच खोटी ठरते. मागे माझ्या मुलानं शोधशोध शोधलं आणि म्हणाला, "आई, असं काही नव्हतंच. तू स्वप्नात पाहिलं असशील." आमच्या घरात तरी तिला त्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. सगळे 'जांभईवाली सिरियल' म्हणायचे.

गोष्ट अशी होती. धरणाजवळची एक सरकारी वसाहत. एक दिवस आभाळातून निळा उजेड पडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतली काही माणसं बदललेली असतात. चेहरा तोच, आवाज तोच, पण आतला माणूस दुसरा, कुठल्या तरी दूरच्या ताऱ्यावरून पृथ्वी बळकावायला आलेला. वरच्या साहेबांना सगळं ठाऊक असतं, पण ते दाबून ठेवतात, आणि कोणी बोललाच तर त्याची बदली करतात. (ही बदलीची गोष्ट बाबांना सगळ्यात खरी वाटायची.) हवामान खात्यातला एक कारकून आणि दवाखान्यातली डॉक्टरीणबाई असे दोघंच या भानगडीच्या मागे लागतात, आणि डॉक्टरीणबाई खूण शोधून काढते. त्या परक्यांना सगळं जमतं, हसणं, रडणं, खोकणं, पण समोरच्याची जांभई पाहून त्यांना जांभई येत नाही. निळा उजेड आम्हाला पांढराच दिसायचा, आणि त्यांचं यान म्हणजे दोन पराती तोंडाला तोंड लावलेल्या. कंपनीत खलनायकाचं काम करणारे दौलतभाऊ जेवता जेवता मान वळवून पाहायचे आणि म्हणायचे, "यापेक्षा आमच्या कंपनीचा परदा बरा हाय गा." पण खूण ऐकली त्या रविवारी दौलतभाऊंचाही घास हातात राहिला होता.

मग काय, आम्हाला खेळच सापडला. ताई आणि मी पायरीवर बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून जांभई द्यायचो. दूधवाला, मिलमधले हमाल, माझ्या गणिताच्या बाई, कोणाला सोडलं नाही. समोरच्याला जांभई आली की आम्ही दोघी एकदम ओरडायचो, "माणूस हाय वं, माणूस!" कलाकार तर जांभईचं आगारच. त्यांच्यावर खूण लावणं म्हणजे पाण्यात मासा ओला आहे का हे पाहण्यासारखं. पण दौलतभाऊंनी आमच्या खेळाला शिस्त लावली. "पोट्ट्यांनो, नुसतं तोंड वासून भागत नाई. खोटी जांभई कोनाले लागत नाई. पयले नाक भरून हवा घ्या. मंग कानामागून आली पाह्यजे. डोयाले पानी आलं, तवा समजा जमली." रंगमंचावर मेल्याचं सोंग करून पडल्यापडल्या खऱ्या जांभया दाबणारा माणूस होता तो. त्याच्या शिकवणीनं ताईची जांभई अशी तयार झाली की तिच्यापुढे मांजरसुद्धा टिकायचं नाही.

त्याच सुमारास ताईला पाहायला पाहुणे येणार असं घरात ठरलं. मुलगा आश्रमशाळेत मास्तर, शाळा एटापल्लीच्याही पुढं, जंगलात. तिथं एसटी दिवसातून एकदा जायची, पावसाळ्यात नाला भरला की तीही नाही. वीज नव्हती. बाबांनी एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवली होती. "पोरगं चांगलं हाय, शिकेल हाय. पन विशाखा हो म्हनन तं हो, नाई म्हनन तं नाई. तिच्यावर कोनी जबरदस्ती नाई करनार." म्हणजे सगळं ताईच्या हातात होतं. आणि मला ती जायला नको होती. एवढं सरळ होतं ते. आम्ही एका खाटेवर झोपायचो. माझी वेणी तिच्याशिवाय कोणाच्या हातची बसायची नाही. थंडीत तिचे पाय गार असायचे आणि ती ते माझ्या पोटऱ्यांना लावायची, मी किंचाळायची, आणि आई पलीकडून ओरडायची. हे सगळं आता एटापल्लीच्या पुढं जाणार होतं.

आदल्या दिवशी माझी वेणी घालताना ताईच म्हणाली, "उद्या त्याले पाहू. माणूस हाय का नाई."

"पाहुण्यांसमोर जांभई देशीन तू?"

"हव. पन मले मान खाली घालून बसा लागन. तू पाह्य त्याच्याकडं नीट. आली का नाई, ते तू सांगजो."

मी मोठ्या आनंदानं कबूल केलं.

रविवारी सिरियल संपता संपता पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, मामा आणि एक मोठी बहीण. आदल्या रात्री जवळच्याच एका गावच्या मंडईत त्यांच्या नात्यातल्या कोणी नाटक ठेवलं होतं, ते रात्रभर पाहून तसेच चालत आले होते. सगळ्यांचे डोळे लाल. आईनं तर्रीपोहे केले होते. ताई फिकट पिवळी साडी नेसून ताटल्या घेऊन आली, सगळ्यांना दिल्या आणि खुर्चीवर बसली. मामांनी तिला शिक्षण विचारलं, विषय विचारले. मग ती बोलता बोलता थांबली. नाक भरून हवा घेतली. कानामागून आली. मान खाली, पण जांभई अशी मोठी की तिच्या बांगड्या वाजल्या.

आईचा चेहरा पांढराफटक. बाबांनी पंख्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहतात. पण दौलतभाऊंची शिकवण वाया जाणारी नव्हती. आधी मुलाचे वडील गेले, आ वासून. मग मामा, मग मोठी बहीण, तिनं पदर लावला पण डोळ्यांतलं पाणी लपलं नाही. मग बाबा, मग आई. दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली शेजारीण थरथरली. मी स्वतः दोनदा दिली. सगळी खोली जांभई देत होती, आणि मधोमध तो मास्तर पोह्याची ताटली मांडीवर धरून बसला होता. सावळा, कानशिलावर थोडं तेल ओघळलेलं, डोळे इतरांसारखेच लाल. मी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. नाकपुड्या नाही हलल्या. जबडा नाही हलला. त्यानं शांतपणे एक चमचा पोहे खाल्ले आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "तू कोनत्या वर्गात हाय?"

खोटं कशाला सांगू, खेळ आहे हे माहीत असूनही मी खरोखर घाबरले होते. रात्रभर जागलेला माणूस, आणि जांभई नाही!

पाहुणे गेल्यावर आईनं ताईला धारेवर धरलं. "लाज नाई वाटत? पोरीनं पाहुण्यासमोर तोंड वासावं?" ताईनं ताटल्या उचलल्या. मला तिनं न्हाणीघरामागं ओढलं. "बोल. आली का?"

"नाई वं ताई. सगळ्याइले आली. त्याले नाई आली. शप्पथ. माणूस नाई तो. तू नाईच म्हन."

मी खरं तेच सांगितलं होतं, आणि मनातून नाचत होते. आता ती नाही म्हणेल, बाबा निरोप पाठवतील, माझी वेणी माझ्याच बहिणीच्या हातात राहील. ताईनं दोरीवरचा कोंडा पडलेला टॉवेल झटकला, पुन्हा झटकला. मग हसायला लागली. तिचं ते हसणं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"मंग तं पाहाच लागते," ती म्हणाली. आणि आत जाऊन तिनं बाबांना हो सांगितलं.

इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, त्या माणसानं तेव्हा एक साधी जांभई दिली असती तर? ताईनं "माणूस हाय" म्हटलं असतं, हसून सोडून दिलं असतं, आणि कदाचित चांदाफोर्टच्या, म्हणजे इथं चंद्रपुरातल्याच, रेल्वेवाल्याचं जे दुसरं स्थळ होतं त्याला होकार गेला असता. मी तिला रोज भेटले असते. पण हे सगळं 'कदाचित'चं दळण आहे, त्यातून पीठ पडत नाही.

लग्न बुद्धविहारात झालं. पांढऱ्या साडीत ताई त्रिशरण म्हणत होती आणि तिचा आवाज कापत नव्हता, माझाच कापत होता. जाताना तिनं माझ्या कानात सांगितलं, "सिरियल पाहत जाजो. मले सगळी गोष्ट सांगा लागन. तिथं टीव्ही नाई." त्या आठवड्याचा भाग मी एकटीनं पाहिला. बांबू फिरवायला कोणी नव्हतं म्हणून मीच आतबाहेर पळत होते. कारकून दिवसभराचा दमून घरी येतो. बायको पाणी आणून देते. तो खुर्चीत टेकतो आणि त्याला जांभई येते, मोठी, खरी. तो दचकून बायकोकडे पाहतो. पडद्यावर बायकोचा चेहरा. फक्त चेहरा. आणि संपलं.

पुढच्या रविवारी त्या वेळेला गाण्यांचा कार्यक्रम लागला. त्याच्या पुढच्या रविवारीही. बाबा म्हणाले, "बंद केली असन. लोकाइले नाई आवडली." दौलतभाऊ म्हणाले, "नाई गा, वरच्या साहेबाइनं दाबली." मला मात्र रडू फुटलं. आई समजली की मी सिरियलसाठी रडते, आणि तिनं मला जवळ घेऊन, "जाऊ दे वं, दुसरी लागन," असं समजावलं. खाटेची अर्धी बाजू रिकामी होती. तिथं दुसरं काय लागणार होतं?

उन्हाळ्यात मला ताईकडे सोडायला बाबा आले. एसटी मोहाच्या झाडांखालून जात होती, खाली फुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या, आणि सगळ्या रस्त्याला तो गोड, डोक्यात जाणारा वास. ताईचं घर शाळेच्या मागं, कुडाच्या भिंतींचं, सारवलेलं. आश्रमशाळेतल्या मुली तिच्याशी गोंडीत बोलत होत्या आणि ती अडखळत उत्तरं देत होती. ती वाळली होती, पण खूश होती. मला ते दिसलं आणि बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

संध्याकाळच्या चहाला आम्ही अंगणात बसलो. ताई म्हणाली, "हं, सांग. काय झालं पुढं?"

"बंद झाली."

"बंद? मधातच?"

"त्याले जांभई आली घरी, अन् त्यानं बायकोकडं पाह्यलं, अन् संपली."

ताईचा चेहरा पडला. एवढ्यात कपबशी खाली ठेवत भाऊजी सहज म्हणाले, "मंग त्याच्या बायकोले आली का नाई, ते दाखवलंच नाई म्हना."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "तुमी पाह्यली हाय ते सिरियल?"

"थंडीत ट्रेनिंगले होतो न गडचिरोलीले. होस्टेलात टीव्ही होता. दर ऐतवारी पाहत होतो. फक्त तुमच्या घरी आलो तो एक भाग हुकला."

"म्हणजे मी जांभई देली तवा तुमाले समजलं होतं!"

"तू देली तवा नाई. हे पोट्टी माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, तवा समजलं." भाऊजी माझ्याकडे पाहून हसले. "ताटलीखाली मांडीले असा चिमटा घेतला का निळा डाग पडला होता. म्हटलं, देली तं मी बी चार लोकाइसारखा. नाई देली, तं पोरगी विचार तं करन."

ताई लाल झाली. रागानं की कशानं, ते मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली, नाक भरून हवा घेतली, आणि दौलतभाऊंनी शिकवलेली अख्खी जांभई त्यांच्या तोंडावर दिली. भाऊजींनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळले. "नाई," दुपट्ट्यातून आवाज आला. "सिरियलवाले शेवट दाखवतीन, तवा मी दाखवतो."

सिरियलवाल्यांनी कधी दाखवला नाही, आणि यांनीही नाही. असा संसार मी दुसरा पाहिला नाही. बदल्या झाल्या, धानोरा झालं, आरमोरी झालं, दोन पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. वीज आली, रंगीत टीव्ही आला, शेकडो चॅनल आले. ताई पोळ्या लाटता लाटता, बाजारात, पोरीच्या लग्नाच्या रांगोळीत, कधीही भाऊजींच्या समोर जांभई द्यायची. ते दुपट्टा लावून वळायचे. मी भेटले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "पाह्यली?" आणि ती मान हलवायची. "अजून नाई. मांगच्या सांदीत जाऊन देते बाप्पा, बिडी पेल्यासारखा. मले आवाज येते, पन दिसत नाई." एकदा मी म्हटलं, झोपेत असताना पाह्य की. ती म्हणाली, "असं चोरून कायले? दाखवन तो एक दिवस." म्हणताना तिचा चेहरा तोच, टॉवेल झटकतानाचा.

मग ताई आजारी पडली. तो सगळा काळ मी इथं लिहिणार नाही. माझ्याच्यानं होत नाही. एवढंच सांगते की दवाखान्यात एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते, ते पूर्वीसारखेच गार होते, आणि भाऊजी उशाशी स्टुलावर बसले होते. ताईला बोलताना धाप लागायची. ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "आता तरी दाखवा."

भाऊजी ताडकन उठले. दुपट्टा नीट केला. "घरी चाल," ते म्हणाले. "घरी चाल, मंग दाखवतो. इथं नाई."

ताई हसली. तिला कळलं होतं ते कशासाठी राखून ठेवत आहेत. तिनं पुन्हा मागितलं नाही.

ती घरी गेली नाही.

या उन्हाळ्यात भाऊजी चार दिवस माझ्याकडे राहायला आले होते. चंद्रपूरचं ऊन, कूलरचं पाणी टपटपतंय, पडदे ओढलेले. मी लाखोरीची डाळ आणि भात केला होता. ते जेवले, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं, आणि पुढच्या खोलीत खुर्चीत बसले. मीही समोर टेकले. पोट भरलेलं, दुपार सुस्तावलेली, मला जांभई आली. मी काही मुद्दाम दिली नाही. भाऊजींचा हात आपसूक दुपट्ट्याकडे गेला. दुपट्टा तोंडाला लावून ते भिंतीकडे वळले.

आणि वळलेलेच राहिले. मग त्यांचा हात हळूहळू खाली आला.

"दवाखान्यातच द्याले पाह्यजे होती वं मी," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. "मले वाटलं, ह्याच्यासाठी तरी विशाखा येईन घरी."

ते माझ्याकडे वळले. दुपट्टा मांडीवर पडलेला, आणि त्यांना ती आली. आधी नाकपुड्या फुलल्या, मग जबडा थरथरला, मग तोंड उघडलं, पूर्ण, मागचे पडलेले दात दिसेपर्यंत. डोळे मिटले आणि दोन्ही कोपऱ्यांतून पाणी आलं, आणि जांभई संपली तरी ते येत राहिलं. नववीत असताना ज्या तोंडाकडे टक लावून पाहत बसले होते ते हेच. मी उठलेही नाही. बसल्या जागेवरून मान मागं वळवली आणि आतल्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहून जोरात हाक मारली,

"ताई! माणूस हाय वं, माणूस!"